पायथनमधून सीची तयार फंक्शन्स कशी बोलवायची

सी भाषेच्या प्रमाण लायब्ररीत घात काढणं, मजकुराची लांबी मोजणं, सॉर्टिंग अशी शेकडो फंक्शन्स तयार असतात. ती तुमच्या मशीनवर आधीपासूनच आहेत, कारण ऑपरेटिंग सिस्टिमवरचे बहुतेक प्रोग्रॅम तीच वापरतात. पायथनमधून ती थेट बोलवता येतात. त्यासाठी कंपायलर लागत नाही आणि वेगळं पॅकेजही लागत नाही. २००६ साली आलेल्या पायथन २.५ पासून सीटाइप्स हे मोड्यूल पायथनसोबतच मिळतं.

घात काढायला पायथनचं स्वतःचं मॅथ मोड्यूल आहे, मग हा खटाटोप कशाला? सरावासाठी. पुढे तुम्हाला एखादी जुनी सी लायब्ररी किंवा पायथनने न दिलेलं एखादं सिस्टिम फंक्शन वापरायचं असेल. तिथे उत्तर काय यायला हवं हे ठाऊक नसतं. इथे ते ठाऊक असतं, म्हणून उत्तर चुकलं की जोडणीच चुकली हे लगेच कळतं.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. कंपाइल झालेल्या सी लायब्ररीत फंक्शनचं नाव असतं आणि त्याचा पत्ता असतो. ते किती आर्ग्युमेंट घेतं, कुठल्या प्रकारची घेतं, परत काय देतं, याची नोंद तिथे नसते. ती असते हेडर फाइलमध्ये, आणि सीटाइप्स हेडर वाचत नाही. ती माहिती तुम्हीच द्यायची, आणि तुम्ही द्याल ती पायथन निमूटपणे खरी मानणार. पुढच्या जवळजवळ सगळ्या भानगडींचं मूळ इथे आहे.

लिहिण्याबद्दल एक सूचना. या लेखात कोडमधली नावं आणि आकडे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिले आहेत. एडिटरमध्ये ते सगळं रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप करायचं. सीडीएलएल, सीफंकटाइप आणि पॉइंटर ही तीन नावं पूर्ण मोठ्या अक्षरांत असतात. नन आणि ट्रू यांचं फक्त पहिलं अक्षर मोठं. बाकी सगळं लहान.

पायरी १: लायब्ररी उघडा

लिनक्सवर दोन फाइल्स लागतात. मजकूर, मेमरी, फाइल वगैरेंची फंक्शन्स लिबसीमध्ये आहेत आणि गणिताची लिबएममध्ये.

इम्पोर्ट सीटाइप्स
लिबसी = सीटाइप्स.सीडीएलएल("लिबसी.एसओ.६")
लिबएम = सीटाइप्स.सीडीएलएल("लिबएम.एसओ.६")

शेवटचा ६ गाळू नका. ज्या मशीनवर सी कंपायलरची साधनं आहेत, तिथे नुसत्या लिबसी.एसओ नावाचीही फाइल सापडते. पण ती लायब्ररी नसते, लिंकरसाठी लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल असते. ती उघडायला गेलात की "इनव्हॅलिड ईएलएफ हेडर" अशी एरर येते आणि नवखा माणूस पायथनच बिघडला असं समजून तो पुन्हा इन्स्टॉल करत बसतो.

मॅकवर फाइलचं नाव शोधू नका. लिबसी आणि लिबएम दोन्हींसाठी सीडीएलएल(नन) एवढंच लिहा, म्हणजे पायथनच्या प्रोसेसमध्ये आधीच लोड झालेली सगळी फंक्शन्स हाताशी येतात, गणिताचीही. मॅकओएस ११ पासून सिस्टिमच्या लायब्ररी डिस्कवर सुट्या फाइल्स म्हणून दिसतच नाहीत, त्यामुळे फाइंडरमध्ये शोधून काही हाती लागत नाही. अल्पाइन लिनक्सवरही हीच ननची युक्ती वापरा. तिथे ग्लिबसी, म्हणजे बहुतेक लिनक्सवर असणारी सी लायब्ररी, नसते, म्हणून ६ वाली फाइल मिळत नाही.

विंडोजवर नन चालत नाही. तिथे दोन्हींसाठी सीडीएलएल("यूसीआरटीबेस") लिहा, घात आणि मजकूर दोन्हींची फंक्शन्स त्या एकाच फाइलमध्ये आहेत. बऱ्याच जुन्या उदाहरणांत एमएसव्हीसीआरटी दिसतं. तेही उघडतं, पण तो जुना रनटाइम आहे आणि आजचा पायथन तो वापरत नाही.

पायरी २: फंक्शनची घोषणा वाचा

अंदाजाने पुढे जाऊ नका. लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये "मॅन ३ पाउ" असं लिहा. मधला ३ म्हणजे मॅन्युअलचा लायब्ररी फंक्शन्सचा विभाग. पान सापडलं नाही तर डेबियन आणि उबंटूवर मॅनपेजेस-डेव्ह हे पॅकेज घालावं लागतं. पानावर सुरुवातीलाच ही ओळ दिसेल:

डबल पाउ(डबल एक्स, डबल वाय);

दोन डबल (दशांश संख्येचा सीचा प्रकार) घेतं, एक डबल देतं. आपल्याला हवं ते एवढंच. पुढच्या कोडमध्ये आर्गटाइप्स म्हणजे घेतलेल्या आर्ग्युमेंटचे प्रकार आणि रेसटाइप म्हणजे परतीचा प्रकार.

पायरी ३: प्रकार सांगा, मगच बोलवा

लिबएम.पाउ.आर्गटाइप्स = [सीटाइप्स.सी_डबल, सीटाइप्स.सी_डबल]
लिबएम.पाउ.रेसटाइप = सीटाइप्स.सी_डबल
प्रिंट(लिबएम.पाउ(२.०, १०.०))

उत्तर १०२४.० यायला हवं. ते आलं की पायथनचं सेशन बंद करून नवीन उघडा आणि लायब्ररी पुन्हा उघडून, या पायरीतल्या पहिल्या दोन ओळी न लिहिता तेच करून पाहा. दशांश अपूर्णांक सीला कसा द्यायचा हे पायथनला माहीत नाही, म्हणून आर्ग्युमेंट एरर येते. पुष्कळ जण इथे दोन्ही संख्या सी_डबल(२.०) अशा गुंडाळून देतात. एरर जाते, पण उत्तर म्हणून भलताच पूर्णांक येतो. परतीचा प्रकार सांगितला नाही तर सीटाइप्स तो इंट आहे असं धरून चालतं. इंटेल आणि एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरवर डबल उत्तर एक्सएमएम-शून्य या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागेत) ठेवलं जातं, आणि सीटाइप्स पाहतं ईएएक्समध्ये. १०२४ जागच्या जागी असतं. आपण शेजारच्या खोलीचं दार उघडलेलं असतं.

तेव्हा आर्गटाइप्सपेक्षा रेसटाइप विसरणं जास्त घातक. पहिल्यात निदान पुष्कळदा एरर तरी मिळते.

या पायरीवरच्या आणखी तीन चुका वरवर दिसत नाहीत. पहिली स्पेलिंगची: शेवटी एस लावून "रेसटाइप्स" लिहिलंत तर पायथन कुरकुरत नाही. त्या नावाचं एक नवं, निरुपयोगी ॲट्रिब्यूट बनतं आणि परतीचा प्रकार इंटच राहतो. दुसरी कंसाची: एकच आर्ग्युमेंट असलं तरी यादीच द्यावी लागते, म्हणून चौकोनी कंसांची सवय ठेवा. तिसरी फार कमी लोकांना ठाऊक असते. लिबएम.पाउ असं टिंब देऊन लिहिलं तर दर वेळी तेच ऑब्जेक्ट मिळतं आणि केलेली घोषणा टिकते. लिबएम["पाउ"] असं लिहिलं तर दर वेळी कोरं ऑब्जेक्ट येतं आणि आधीची घोषणा त्याला लागू होत नाही.

फंक्शन काहीच परत देत नसेल, म्हणजे घोषणेत व्हॉइड असेल, तर रेसटाइप = नन लिहा.

कुठल्या प्रकाराला काय

इंटला सी_इंट, फ्लोटला सी_फ्लोट, साइझ_टीला सी_साइझ_टी, चार-पॉइंटरला सी_चार_पी, व्हॉइड-पॉइंटरला सी_व्हॉइड_पी. यात लक्ष ठेवावं असा प्रकार लाँग. ६४ बिट लिनक्स आणि मॅकवर तो ८ बाइटचा असतो आणि विंडोजवर ४ बाइटचा. घोषणेत लाँग असेल तर सी_लाँगच द्या, म्हणजे त्या त्या मशीनचं माप आपोआप लागतं. "दोन्ही पूर्णांकच तर आहेत" म्हणून सी_इंट देऊ नका.

पायथनच्या पूर्णांकाला मर्यादा नाही, सीच्या इंटला आहे, आणि सीमा ओलांडली की सीटाइप्स तक्रार करत नाही. ऋण संख्या धन करून देणाऱ्या ॲब्स या फंक्शनला सी_इंट असा प्रकार नीट सांगून -३००००००००० द्या. परत येईल १२९४९६७२९६. वरचे बिट कापले गेले, उरलेल्या ३२ बिटांची संख्या आधीच धन निघाली आणि ॲब्सने ती तशीच परत केली. घोषणा बरोबर, फंक्शन बरोबर, उत्तर मात्र चूक. संख्या मोठी असण्याची शक्यता असेल तर लॅब्ज, आणि विंडोजवर एललॅब्ज घ्या.

मजकूर: मराठी लिहिणाऱ्यांनी इथे जरा थांबावं

स्ट्रलेन हे फंक्शन मजकुराची लांबी देतं. घोषणा न करता त्याला पायथनची साधी स्ट्रिंग "नमस्ते" द्या. लिनक्सवर उत्तर येईल २, विंडोजवर १२.

एकही बरोबर नाही, पण दोन्हींमागे कारण आहे. प्रकार सांगितला नसेल तर सीटाइप्स पायथनची स्ट्रिंग रुंद अक्षरांच्या रूपात पाठवतं. लिनक्सवर असं एक अक्षर ४ बाइटचं असतं. "न"चा युनिकोड क्रमांक हेक्समध्ये ०९२८, म्हणून मेमरीत २८, ०९, ००, ०० असे बाइट पडतात. स्ट्रलेन शून्य बाइट दिसेपर्यंत मोजतं, तो तिसऱ्याच जागी भेटतो, म्हणून २. विंडोजवर रुंद अक्षर २ बाइटचं असतं, मध्ये कुठे शून्य येत नाही, म्हणून सहा दुणे बारा.

बरोबर पद्धत ही:

लिबसी.स्ट्रलेन.आर्गटाइप्स = [सीटाइप्स.सी_चार_पी]
लिबसी.स्ट्रलेन.रेसटाइप = सीटाइप्स.सी_साइझ_टी
प्रिंट(लिबसी.स्ट्रलेन("नमस्ते".एनकोड("यूटीएफ-८")))

उत्तर १८. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि "नमस्ते"मध्ये हलन्त व मात्रा धरून सहा चिन्हं आहेत. पायथनचं लेन ६ सांगतं, सीचं स्ट्रलेन १८ सांगतं, आणि दोन्ही आपापल्या जागी खरी आहेत. बफरची, म्हणजे मजकूर ठेवायच्या मेमरीची, जागा ठरवताना मात्र १८ धरायचे, वर शेवटच्या शून्याचा एक, म्हणजे १९. सी_चार_पी अशी घोषणा केल्यावर एनकोड करायला विसरलात तर पायथन एरर देतो. हा घोषणेचा दुसरा फायदा.

सी फंक्शन मजकुरात काही लिहिणार असेल, जसं स्ट्रकॉपी किंवा स्ट्रकॅट, तर त्याला पायथनचे बाइट्स कधीही देऊ नका. पायथनच्या लेखी बाइट्स बदलत नाहीत, आणि सी तर ते जागच्या जागी बदलून टाकेल. त्यासाठी वेगळी जागा घ्या:

बफ = सीटाइप्स.क्रिएट_स्ट्रिंग_बफर(६४)
लिबसी.स्ट्रकॉपी(बफ, "नमस्ते".एनकोड("यूटीएफ-८"))
प्रिंट(बफ.व्हॅल्यू.डीकोड("यूटीएफ-८"))

या तीन ओळींआधी स्ट्रकॉपीचीही घोषणा हवी: दोन्ही आर्ग्युमेंट सी_चार_पी आणि परतीला सी_व्हॉइड_पी. ६४ ऐवजी ८ दिलेत तर १९ पैकी ११ बाइट शेजारच्या मेमरीत जातील. प्रोग्रॅम लगेच कोसळेलच असं नाही. तो दहा मिनिटांनी, दुसऱ्याच ओळीवर कोसळतो, आणि खरा ताप तोच.

पत्ता परत देणारी फंक्शन्स

६४ बिट मशीनवर पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, ८ बाइटचा आणि इंट ४ बाइटचा. गेटएन्व्हसारख्या (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचणाऱ्या) फंक्शनला रेसटाइप दिला नाही तर पत्त्याचा अर्धा भाग कापला जातो, आणि तो अर्धवट पत्ता पुढे कोणाला दिला की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्रॅम कोसळणं, ठरलेला. गेटएन्व्हला रेसटाइप = सी_चार_पी द्या, बाइट्स मिळतील. त्या नावाचं काही नसेल तर नन मिळेल.

स्ट्रडप मात्र वेगळं. ते नवी मेमरी घेऊन त्यात प्रत काढतं, आणि ती मेमरी फ्रीने सोडायची जबाबदारी आपली. इथे सी_चार_पी दिलं तर सीटाइप्स मजकूर उचलून बाइट्स बनवतं आणि मूळ पत्ता टाकून देतं. मग फ्री करणार काय? म्हणून रेसटाइप = सी_व्हॉइड_पी द्या. पत्ता पूर्णांक म्हणून मिळेल. सीटाइप्स.स्ट्रिंग_ॲट(पत्ता) ने मजकूर वाचा, मग लिबसी.फ्री(पत्ता). फ्रीलाही आर्गटाइप्स = [सी_व्हॉइड_पी] सांगायला विसरू नका, नाहीतर परत जाताना पत्ता पुन्हा कापला जाईल.

दोन उत्तरं देणारं फंक्शन

फ्रेक्सप संख्येचे दोन भाग करतं. एक भाग परत देतं, दुसरा आपण दिलेल्या पत्त्यावर लिहितं.

लिबएम.फ्रेक्सप.आर्गटाइप्स = [सीटाइप्स.सी_डबल, सीटाइप्स.पॉइंटर(सीटाइप्स.सी_इंट)]
लिबएम.फ्रेक्सप.रेसटाइप = सीटाइप्स.सी_डबल
घात = सीटाइप्स.सी_इंट()
भाग = लिबएम.फ्रेक्सप(८.०, सीटाइप्स.बायरेफ(घात))

भाग ०.५ आणि घात.व्हॅल्यू ४, कारण ८ म्हणजे ०.५ गुणिले २ चा चौथा घात. व्हॅल्यू न लिहिता नुसतं घात छापलंत तर संख्येऐवजी अख्खं ऑब्जेक्ट दिसतं. तिथे बिघडलेलं काही नसतं.

सीने पायथनचं फंक्शन बोलवायचं तेव्हा

सीच्या सॉर्टिंग करणाऱ्या क्यूसॉर्टला तुलना करणारं फंक्शन लागतं आणि ते पायथनमध्ये लिहिता येतं. आधी त्याचा साचा बनवा:

साचा = सीटाइप्स.सीफंकटाइप(सीटाइप्स.सी_इंट, सीटाइप्स.पॉइंटर(सीटाइप्स.सी_इंट), सीटाइप्स.पॉइंटर(सीटाइप्स.सी_इंट))

पहिला प्रकार परतीचा, पुढचे दोन आर्ग्युमेंटचे. क्यूसॉर्टचे आर्गटाइप्स असे: सी_व्हॉइड_पी, सी_साइझ_टी, सी_साइझ_टी आणि साचा. रेसटाइप नन. आता यादी आणि तुलना:

यादी = (सीटाइप्स.सी_इंट * ५)(४२, ७, १९, ३, ८८)
तुलना = साचा(लॅम्डा अ, ब: (अ[०] > ब[०]) - (अ[०] < ब[०]))
लिबसी.क्यूसॉर्ट(यादी, ५, सीटाइप्स.साइझऑफ(सीटाइप्स.सी_इंट), तुलना)

लिस्ट(यादी) छापा: ३, ७, १९, ४२, ८८. दुसरं आर्ग्युमेंट घटकांची संख्या आहे, एकूण बाइट नव्हेत. तिथे २० दिलंत तर क्यूसॉर्ट यादीच्या पलीकडची मेमरीही "सॉर्ट" करून ठेवेल.

तुलनेत नुसती वजाबाकी करण्याचा मोह टाळा. २०००००००००मधून -२०००००००००वजा केले की ४०००००००००होतात. ते इंटमध्ये मावत नाहीत, ऋण होऊन परत जातात आणि क्रम उलटतो.

तुलना हे नाव वेगळं ठेवलं ते मुद्दाम. क्यूसॉर्ट काम संपेपर्यंतच ते वापरतं, पण ॲटएक्झिटसारखी काही सी फंक्शन्स आपलं फंक्शन लक्षात ठेवून नंतर बोलवतात. मधल्या काळात पायथनने ते कचऱ्यात काढलं तर सी रिकाम्या जागी उडी मारतं. असं ऑब्जेक्ट ग्लोबल नावाला बांधून ठेवा. शिवाय या फंक्शनच्या आत एरर आली तर ती फक्त स्क्रीनवर छापली जाते. क्यूसॉर्ट थांबत नाही आणि तुमच्या ट्राय-एक्सेप्टला ती कधी दिसत नाही.

किरकोळ, पण अडवणाऱ्या गोष्टी

ईओएफ, इंट-मॅक्स, असर्ट यांना लायब्ररीत शोधू नका. ते मॅक्रो आहेत आणि कंपाइल होतानाच विरघळतात. एररनो, म्हणजे शेवटच्या चुकीचा क्रमांक, हाही मॅक्रोच आहे. त्यासाठी लायब्ररी उघडताना यूज_एररनो=ट्रू द्या आणि फंक्शननंतर सीटाइप्स.गेट_एररनो() वाचा. नसलेल्या फोल्डरवर चेडीर (चालू फोल्डर बदलणारं फंक्शन) केलंत तर परत -१ येईल आणि एररनो २.

प्रिंटएफसारखी हवी तितकी आर्ग्युमेंट घेणारी फंक्शन्स शक्यतो टाळा. ॲपलच्या एआरएम चिपवर ती आर्ग्युमेंट वेगळ्या जागी ठेवली जातात. निदान ठरलेल्या आर्ग्युमेंटचे आर्गटाइप्स दिले नाहीत तर तिथे कचरा छापला जातो. शिवाय सीचा आणि पायथनचा छपाईचा बफर वेगळा असल्याने आउटपुट फाइलमध्ये वळवलं की ओळींचा क्रम बदलतो. लिबसी.एफफ्लश(नन) केलं की सीचा बफर रिकामा होतो.

स्ट्रक्चर लिहिताना पाठ्यपुस्तकावर विसंबू नका. वेळेच्या टीएम स्ट्रक्चरमध्ये प्रमाणानुसार नऊ इंट, म्हणजे ३६ बाइट. पण ६४ बिट लिनक्सवर ग्लिबसी त्यात आणखी दोन फील्ड घालते आणि रिकाम्या जागेसकट ते ५६ बाइटचं होतं. नऊच फील्ड लिहून लोकलटाइम_आरला दिलंत तर उरलेले २० बाइट ते दुसऱ्याच्या जागेत लिहील.

वेगासाठी हे सगळं करत असाल तर आधी मोजा. प्रत्येक वेळी पायथनचं मूल्य सीत आणि सीचं पायथनमध्ये बदलावं लागतं. लूपमध्ये लाख वेळा पाउ बोलवलंत तर मॅथ मोड्यूलच जिंकेल. मोठी यादी एकदाच सीकडे सोपवून सगळं काम तिथेच उरकायचं असेल तेव्हा फायदा दिसतो. सी++ची लायब्ररी असेल तर कंपायलर फंक्शनची नावं बदलून ठेवतो, म्हणून ती या मार्गाने सहज सापडत नाहीत. तिथे पायबाइंड११ बरं.

कोसळलं तर

विंडोजवर चुकीचा पत्ता वाचला गेला तर पुष्कळदा "ॲक्सेस व्हायोलेशन" अशी पायथनचीच एरर मिळते. लिनक्स आणि मॅकवर मात्र "सेगमेंटेशन फॉल्ट" एवढे दोन शब्द येतात आणि पायथन गायब. प्रोग्रॅम पुन्हा असा चालवा:

पायथन३ -एक्स फॉल्टहँडलर प्रोग्रॅम.पीवाय

यातला एक्स मोठा. आता कोसळताना पायथन कुठल्या ओळीवर होता ते छापलं जाईल. त्या ओळीवरच्या फंक्शनचं मॅन पान उघडा आणि आर्गटाइप्स, रेसटाइप एकेक शब्द लावून पाहा. दोन्ही जुळले तर त्या ओळीआधी वापरलेल्या बफरचं माप तपासा, कारण मेमरी कुठे बिघडली आणि प्रोग्रॅम कुठे पडला या दोन जागा वेगळ्या असू शकतात.